बंद दवाखान्यातला दिवा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, रेतीच्या डंपरमागे जीप पळवली. त्यातलं निम्मं आता आठवत नाही. पण वरसे गावातल्या एका बंद दवाखान्यात संध्याकाळी लागणारा दिवा काही केल्या मनातून जात नाही. तेव्हा मी रोह्याला सहायक निरीक्षक होतो. नावं कोणाचीच सांगणार नाही. ही माणसं अजून इथेच राहतात आणि बाजारात भेटली की मला नमस्कार करतात. तो नमस्कार मला टिकवायचा आहे.

त्या दिवशी माझ्या टेबलावर एका डॉक्टरबद्दल दोन गोष्टी आल्या. पहिली होती वैद्यकीय परिषदेची चौकशी. या डॉक्टरचा परवाना परिषदेने ठरावीक मुदतीसाठी काढून घेतला होता. आता मुदत संपत आली होती आणि त्याने नाव पुन्हा नोंदवण्यासाठी अर्ज केला होता. मधल्या काळात त्याची वागणूक कशी होती, त्याने कुठे प्रॅक्टिस केली का, याचा अहवाल पोलिसांनी द्यायचा होता.

लोकांना वाटतं, डॉक्टर एकदा झाला की मरेपर्यंत डॉक्टर. तसं नसतं. पदवी विद्यापीठाची, ती कोणी काढून घेत नाही. पण रोग्याच्या अंगाला हात लावायचा परवाना परिषदेचा, आणि तो जाऊ शकतो. गेला की मुदत संपल्यावर आपोआप परत येतो असंही नाही. अर्ज करा, व्यसन असेल तर सुटल्याचं दाखवा, नव्या शिक्षणाचे वर्ग करा, समितीपुढे उभे राहा. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे त्या काळात एकालाही तपासलेलं नसावं. तिथे पाय घसरला की दार बंद, कायमचं म्हणालात तरी चालेल.

या डॉक्टरचं दुखणं दारू. एरवी माणूस हुशार, हाताला गुण. पण एका सकाळी रात्रीची उतरली नसताना खुर्चीत बसला आणि एका म्हाताऱ्याला भलतंच इंजेक्शन दिलं. म्हातारा वाचला, तोही मोठ्या इस्पितळात नेला म्हणून. घरच्यांनी तक्रार केली आणि परवाना गेला. योग्यच झालं, मी तेव्हाही हेच म्हणालो होतो.

आता दुसरी गोष्ट. दुपारी ठाणे अंमलदाराने फोन घेतला. पलीकडचा माणूस नाव सांगेना. म्हणाला, "वरश्यातला डॉक्टर परवाना नसताना सुया मारतोय. वाडीवरच्या एका लेकराची मांडी सुजून टम्म झालीय. पोलीस काय झोपलेत?" आणि फोन ठेवला. अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद केली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! एकीकडे परिषदेपुढे हात जोडायचे आणि दुसरीकडे चोरून दवाखाना चालवायचा? आमचे हवालदार म्हणजे रोह्याचं मुरलेलं लोणचं. ते म्हणाले, "साहेब, दारुड्याचा भरवसा नि अळवावरचं पाणी."

तालुका आरोग्य अधिकारी आणि दोन पंच घेऊन आम्ही वरश्याला गेलो. दवाखान्याला कुलूप होतं. वर डॉक्टरच्या नावाची, पदवीची पाटी, चांगली पुसून लखलखीत ठेवलेली. आजूबाजूला सगळी नवी वस्ती. कंपन्यांत शिफ्टला जाणारे भाडेकरू, कंत्राटी कामगार, सहा महिने इथे, सहा महिने तिथे. जुना डॉक्टर त्यांतल्या कोणी पाहिलेला नाही. विचारलं तर एकजण म्हणाला, "डॉक्टर हायत ना. संध्याकाळी येतात. मास्क लावून असतात, जास्त बोलत नाय, पण औषध लागू पडतं."

पंचांसमक्ष कुलूप तोडलं. वापरलेल्या सिरिंज, सलाईनच्या बाटल्या, गोळ्यांची उघडी पाकिटं, सगळं ताजं. कोपऱ्यात देवाच्या तसबिरीपुढे दिवा आणि त्यात तेल. पंचनाम्यात मी तोही लिहून घेतला, कारण जे दिसेल ते लिहायचं हा माझा नियम. त्याचा अर्थ मात्र मला तेव्हा लागला नाही.

लेकराची आई सरकारी दवाखान्यात सापडली. नदीकाठच्या वाडीवरची, मजुरीला जाणारी बाई. मांडीवर वर्षाचं लेकरू, त्याच्या डाव्या मांडीला पट्टी. सुईच्या जागी गळू झालं होतं, ते फोडून साफ केलं होतं. पोर किरकिरत होतं पण धोका टळला होता. बाई आमच्या खाकीलाच जास्त घाबरलेली.

"सुई कोणी मारली गो?" हवालदारांनी विचारलं.

"डागतरांनी."

"कोणत्या?"

"पाटीवरल्या."

वाचता येत नव्हतं, पण शेजारणीने नाव वाचून दाखवलं होतं. तेच नाव तिने मला सांगितलं. जबाब लिहिला, अंगठा घेतला. माझ्या दृष्टीने केस उभी राहिली होती. राहिला होता फक्त डॉक्टर.

डॉक्टर रोह्यात राहत नव्हता. परवाना गेल्यावर तो पेणजवळ हमरापूरला गेला होता, गणपतीच्या एका कारखान्यात. तिकडच्या ठाण्याला कळवून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे पोचलो. सीझन तोंडावर आलेला. मांडवात गणपतींच्या रांगाच रांगा, अंगाला रंग लागलेला, पण डोळे नाहीत. आम्ही आत शिरलो तर एक पन्नाशीची बाई, पदर खोचून, स्टुलावर बसलेली. कारखान्याची मालकीण. सगळे तिला काकी म्हणत. तिच्यासमोर चार माणसं हात पुढे करून उभी होती, शाळेत छडी खायला उभी राहतात तशी.

एकाचा हात तिने पाहिला आणि म्हणाली, "तू आज पॉलिश पेपर मार. आखणीला बसायचा नाय."

"काकी, जागरण झालंय फक्त."

"जागरण होवो नाय तर बारसा. हात हालतोय ना? मग डोळं मिळणार नाय."

ही तिच्या कारखान्याची रीत होती. मूर्तीचे डोळे आखणं हे शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. एक रेघ वाकडी गेली की देव तिरळा, आणि तिरळा देव कोणी घरी नेत नाही. म्हणून आखणीला बसण्याआधी रोज सकाळी प्रत्येकाने तिच्यापुढे हात धरायचा. थरथरला तर त्या दिवशी घासकाम. त्यात सगेसोयरे बघायचे नाहीत.

त्या चौघांत शेवटचा हात आमच्या डॉक्टरचा होता. मी त्याला पूर्वी पाहिलं होतं, सुजलेल्या तोंडाचा, लाल डोळ्यांचा. समोरचा माणूस वाळलेला, केस पांढरे, पण हात असा स्थिर की वर पाण्याचा पेला ठेवावा. काकीने नुसती मान हलवली आणि तो ब्रश घेऊन बसला.

आम्हाला बघून काकीचा पारा चढला. "काय केलं त्यानी? साहेब, आला तेव्हा ह्याच्या हातात चहाची बशी ऱ्हात नव्हती. माझ्या धाकट्या दिराचा दोस्त, म्हणून ठेवला. सालभर घासकाम केलं, मग रंग, आता डोळं आखतो. पिणाऱ्याच्या हातात मी माझं गणपती देईन व्हय?"

"काकी, दारूचं विचारायला आलो नाही मी," म्हणालो. डॉक्टरला बाजूला घेतलं आणि वरश्याचं सगळं सांगितलं. दवाखाना, सिरिंज, लेकराची मांडी.

लेकराचं ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला. "पोर कसं आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न. बरं आहे म्हटल्यावर त्याने डोळे मिटले. मग एकदम म्हणाला, "लिहा साहेब. मीच दिलं इंजेक्शन."

काकी ओरडलीच, "अरे काय बोलतो! खुळा झालास काय तू?"

त्याला जीपमध्ये घातलं आणि रोह्याला आणलं. वाटेत हवालदार खुशीत. कबुली मिळाली, गुन्हा दाखल करायचा, आरोपपत्र, झालं. पण मला काहीतरी खटकत होतं. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलो आहे. खरा गुन्हेगार गुन्हा नाकारतो, पण बोलता बोलता त्याच्या तोंडून तपशील मात्र अचूक निघून जातो. खोटी कबुली देणारा गुन्हा झटकन कबूल करतो आणि तपशिलात घसरतो.

ठाण्यात चहा दिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कोणत्या मांडीत दिलंत?"

"उजव्या."

पट्टी डाव्या मांडीला होती. मी स्वतः पाहिली होती.

मग माझी नजर त्याच्या हातांवर गेली. नखांच्या कडांत मूर्तीच्या अंगाचा तो गुलाबी रंग बसलेला. हमरापूरला सीझनभर कोणाच्याच नखांतून तो जात नाही. रॉकेल लावा, साबण लावा, काही करा. मी पेला खाली ठेवला आणि हवालदारांना म्हणालो, "चला, परत सरकारी दवाखान्यात. त्या बाईकडे."

"आता कशाला साहेब? कबूल झालाय तो."

"चला म्हणतो ना."

चुकीचा प्रश्न विचारला की चुकीचं उत्तर मिळतं. आम्ही त्या बाईला विचारलं होतं, कोण होता. तिने पाटी सांगितली. तोंडावर मास्क असलेल्या माणसाचं ती दुसरं काय सांगणार? पण लेकरू मांडीवर धरून बसलेली आई डॉक्टरच्या तोंडाकडे बघतच नाही. ती सुई बघते आणि सुई धरलेला हात बघते. या वेळी मी टोपी काढून स्टुलावर बसलो आणि विचारलं, "बाई, सुई मारणाऱ्याचा हात कसा होता?"

ती पटकन म्हणाली, "साफ होता. नखाबिखा एकदम साफ. आन् करंगली अर्धीच."

"अर्धी?"

"व्हय. वरचं पेर नवतंच. माजं ध्यान तितंच होतं. म्हटलं ह्याला सुई धरता येल का नाय."

डॉक्टरची दहाही बोटं शाबूत होती, चहाचा पेला धरलेला आम्ही दोघांनी पाहिला होता.

परत आलो आणि डॉक्टरसमोर बसलो. दवाखान्याची किल्ली जवळ असेल आणि सुईही मारता येईल असा दुसरा माणूस म्हणजे त्याचा जुना कंपाउंडरच असणार. आवाज चढवला नाही. म्हटलं, "तुमच्या कंपाउंडरची करंगळी अर्धी आहे का हो?"

तो माणूस ढसाढसा रडला. मी कितीतरी आरोपी रडताना पाहिलेत, बहुतेक स्वतःसाठी रडतात. हा तसा रडत नव्हता.

मग सगळं बाहेर आलं. कंपाउंडर पूर्वी कंपनीत होता, तिथे मशीनमध्ये बोट गेलं आणि नोकरीही गेली. डॉक्टरने त्याला ठेवून घेतलं, गोळ्या ओळखायला शिकवलं, घाईगर्दीत सुई द्यायलाही शिकवलं. पुढे डॉक्टर दारूत बुडाला तेव्हा याच माणसाने त्याला मोटारसायकलवर मागे बांधून घरी पोचवलं, ओकाऱ्या काढल्या, कुठे वाच्यता केली नाही. परवाना गेला तेव्हा डॉक्टरने दवाखान्याची किल्ली त्याच्याकडे दिली. म्हणाला, "वास्तू अंधारात ठेवू नये. रोज संध्याकाळी उघड, झाड, देवापुढे दिवा लाव. आणि पाटी काढू नको. मला परत यायचंय."

घ्या! इथेच घात झाला. आपल्याकडे बंद घरातही कोणीतरी जाऊन दिवा लावतं, त्यात गैर काही नाही. पण दवाखान्यात दिवा लागला, वर पाटी चमकतेय, आत माणूस आहे. नव्या वस्तीतल्या लोकांनी काय समजायचं? त्यांनी दार वाजवलं.

"मी किल्ली दिली, मी पाटी ठेवली, सुईही मीच शिकवली," डॉक्टर म्हणाला. "त्याच्या घरी दोन मुली आहेत. माझं काय, मी डोळे आखून जगेन."

तेव्हा मात्र मी चढलो. "डॉक्टर, तुमचं पुण्य तुमच्याजवळ ठेवा! तुम्ही गुन्हा अंगावर घेतलात की तो उद्या दुसऱ्या गावात दुसरी पाटी शोधेल. आज गळू झालं. उद्या लेकरू गेलं तर कोणाच्या अंगावर घ्याल? आणि परवाना परत मिळाला असता तर ज्या लोकांना तुम्ही बरं केलं असतं, त्यांचं काय? ते जाणार पदवी नसलेल्या झोलाछाप माणसाकडे. चांगुलपणा असा नसतो हो."

तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "फोन करू का त्याला?"

कंपाउंडर फरार होता. नाव कळताच आम्ही त्याच्या घरी नि नातेवाइकांकडे माणसं पाठवली होती, पत्ता नव्हता. डॉक्टरने फोन लावला आणि माझ्यासमोर एवढंच म्हणाला, "मी रोह्याच्या ठाण्यात बसलोय. तुझ्या जागी. येतोस का?"

हवालदार हसले. "साहेब, तो आता गोव्याला पोचला असंल. हा फोन म्हंजे बैल गेला नि झोपा केला."

दुपार कलली आणि ठाण्याच्या दारात एक माणूस उभा राहिला. एसटीतून उतरून सरळ आलेला, बरोबर बायको. काही न विचारता त्याने टेबलावर दोन्ही हात ठेवले. अर्धी करंगळी त्यातच. "डॉक्टरांना सोडा," म्हणाला. "त्यांना कायपण म्हाईत नाय."

जबाबात त्याने काही लपवलं नाही. दिवा लावायला गेला असताना एका संध्याकाळी तापाने फणफणलेला कामगार आला. दवाखाना बंद हाय म्हणून त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुसरा आला. तिसऱ्याला एक गोळी दिली. "बरा झाला साहेब तो. माझ्या पाया पडला. जल्मात कोन माझ्या पाया पडला नवता." मग गोळीची सुई झाली, सुईचं सलाईन झालं. मास्क लावला की तो पाटीवरचा माणूस व्हायचा. बाईच्या लेकराचं ऐकून मात्र त्याची बायको त्याच्याकडे अशी बघत होती की माझी चौकशी त्यापुढे काहीच नाही.

मी त्याच्यावर गुन्हा दाखल केला. तिथे दयामाया नाही. नोंदणी नसताना लोकांवर उपचार करणं हा गुन्हाच, आणि त्याने कोर्टात तो कबूल केला.

राहिला माझा अहवाल. तो लिहायला बसलो तेव्हा डॉक्टर मूर्तीच्या रंगाचे हात गुडघ्यावर ठेवून समोर बसला होता. त्याने प्रॅक्टिस केली नव्हती, हे खरं. पण परवाना नसताना पाटी लावून ठेवली आणि किल्ली दिली, हेही तितकंच खरं. एवढ्यावरून परिषद त्याला नाही म्हणू शकत होती. मी पेन हातात धरून थांबलो. तो म्हणाला, "पाटीचं लिहा साहेब. लपवून परत गेलो तर पहिल्या दिवसापासून खोटा असेन."

मी सगळं लिहिलं. पाटी, किल्ली, दिवा, खोटी कबुली. आणि काकीचा जबाबही जोडला, त्यात रोज सकाळी हात पुढे धरायची रीत आली.

सुनावणीला काकी स्वतः गेली, मुंबईला, नवी साडी नेसून. डॉक्टरने मला नंतर सांगितलं. समितीच्या एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हा पुन्हा पिणार नाही कशावरून?" काकी म्हणाली, "उद्याचा मला कसा म्हाईत असंल? मी रोज सकाळी बघते. तुमीपन रोज बघा ना."

परिषदेने तसंच काहीसं केलं. पाटीबद्दल त्याला कडक शब्दांत सुनावलं. आधी काही काळ पेणच्या एका दवाखान्यात ज्येष्ठ डॉक्टरच्या नजरेखाली काम, ठरावीक दिवसांनी तपासणी, आणि मगच स्वतंत्र परवाना. त्या सगळ्यातून तो गेला. नाव परत नोंदलं गेलं तेव्हा त्याने मला फोन केला. मी म्हणालो, "पाटी नवीन करा." तो हसला.

कंपाउंडरला दंड झाला, काही दिवस आत राहून आला. आता तो काकीच्या कारखान्यात घासकाम करतो. डॉक्टरनेच नेऊन घातला. सुईच्या जवळ जायचं नाही, ही काकीची पहिली अट. अजून त्याला रंगाचा ब्रश मिळालेला नाही. तो रोज सकाळी न चुकता हात पुढे धरतो म्हणे.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. पूर्वी मला वाटायचं, चुकलेल्या माणसाला दार बंद केलं की समाज सुखरूप राहतो. आता वाटतं, दार बंद करणं सोपं आहे. कठीण आहे ते अर्धवट उघडं ठेवून तिथे पहारा करणं. परत यायची वाट असली पाहिजे, पण त्या वाटेवर पाटी आधी उतरवावी लागते आणि हात रोज दाखवावा लागतो. हे मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा हमरापूरच्या मांडवात जास्त कळलं.

परवा रक्तदाब तपासायला वरश्याला त्याच दवाखान्यात गेलो होतो. संध्याकाळ होती, देवापुढे दिवा लागलेला. माझ्यापुढे एक बाई बसली होती, मांडीवर लेकरू. वाडीवरची तीच बाई. मी तिला लगेच ओळखलं, तिने मला खाकीशिवाय ओळखलं नाही. पोरगं आता चांगलं गुटगुटीत झालेलं. त्याला लस टोचायची राहिली होती.

डॉक्टर सुईकडे वळला तशी ती म्हणाली, "आदी हात धुवा."

दुधाने तोंड पोळलं होतं तिचं, ताक फुंकणारच. डॉक्टर नळाशी गेला. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तिच्यासमोर दोन्ही हात पुढे धरून उभा राहिला. हात जराही हलत नव्हते. फक्त नखांच्या कडांना गुलाबी रंग होता. रविवारी तो अजून काकीकडे डोळे आखायला जातो.

बाई त्या नखांकडे बघत राहिली. डॉक्टर ओशाळून म्हणाला, "हात स्वच्छ आहेत, बाई. एवढा रंग काही जात नाही."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि लेकराची मांडी त्याच्यापुढे केली.